‘नाही’ म्हणणारी सिस्टर

चांगली परिचारिका कशी असावी, याबद्दल आपल्या समाजाच्या कल्पना अगदी पक्क्या आहेत. ती हसतमुख असावी, तिचा आवाज मृदू असावा, हात हलका असावा, बेल वाजताच ती धावत यावी आणि डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी काहीही सांगितले तरी तिच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघू नये. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांतून सेवा, त्याग, ममता, वात्सल्य या शब्दांची नुसती उधळण होते. मी छत्तीस वर्षे या व्यवसायात काढली. त्यांतली निम्मी वॉर्डात आणि उरलेली परिचर्या शिकणाऱ्या मुलींना शिकवण्यात. या काळात अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली. त्यांत ‘कायदा’ हा शब्द क्वचित आला, ‘निर्णय’ हा त्याहूनही क्वचित. हारतुरे होतात, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला ‘अहो सिस्टर, जरा इकडे’ एवढ्यापुरतीच सिस्टर उरते.

माझे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. परिचारिकेच्या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी ‘सेवा’ म्हणणार नाही, ‘नाही’ म्हणेन. लेखी सूचनेशिवाय हे इंजेक्शन मी देणार नाही. रुग्णाला समजावून सांगितल्याशिवाय या फॉर्मवर साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना काय झाले आहे, ते मी सांगणार नाही. हे तीन नकार वरवर पाहता रूक्ष, अडवणुकीचे वाटतात. पण रुग्णाचा जीव, त्याचा हक्क आणि त्याची अब्रू या तीन गोष्टी पुष्कळदा या तीन नकारांच्या आधारावरच उभ्या असतात. प्रश्न असा आहे, की हा नकार उच्चारण्याचे बळ आपण तिला देतो का?

इतिहासाकडे पाहिले, तर या व्यवसायाचा पाया घालणाऱ्या स्त्रिया मुळीच मवाळ नव्हत्या. नाइटिंगेलबाई म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. पण १८५४ साली क्रिमियन युद्धाच्या वेळी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेलेल्या या बाईंचे खरे शस्त्र दिवा नव्हे, आकडे होते. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरत आहेत, हे त्यांनी तक्ते मांडून दाखवले आणि भल्याभल्या अधिकाऱ्यांशी वाद घातला. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली, ती त्याच हट्टातून. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मुली पाठवल्या, तेव्हा पांढरपेशा घरांतून किती नाके मुरडली गेली असतील, याची कल्पना करावी. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे! या मुलींनी आणि त्यांना पाठवणाऱ्या बायकांनी समाजाला पहिला ‘नाही’ ऐकवला, तेव्हा कुठे हा व्यवसाय इथे रुजला.

परंतु व्यवसाय रुजला, तो डॉक्टरांच्या सावलीत. १८९३ साली अमेरिकेत नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची एक शपथ तयार झाली. आपल्याकडच्या नर्सिंग शाळांतून आजही मेणबत्ती किंवा दिवा हाती घेऊन मुली शपथ घेतात, त्या प्रथेचे मूळ तिथे आहे. डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन, असे त्या मूळ शपथेत एक वचन होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली नीतिसंहिता स्वीकारली, तेव्हाही डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पाळण्याचे कर्तव्य तिच्यात होतेच. फक्त अनैतिक गोष्टींत सहभागी होण्यास नकार द्यावा, अशी जोड तिला दिलेली होती. खरा बदल झाला १९७३ साली. त्या वर्षीच्या संहितेने डॉक्टरांवरच्या निष्ठेचे कलम गाळले आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी जिला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीशी आहे, असे स्पष्ट केले. शब्दांचा हा बदल लहान दिसतो. पण त्यामुळे परिचारिका कोणाची, या प्रश्नाचे उत्तरच बदलले. ती डॉक्टरांची नव्हे, रुग्णालयाच्या मालकांचीही नव्हे, रुग्णाची. २०२१ साली सुधारलेली संहितासुद्धा याच पायावर उभी आहे.

कायदाही तिला कोणाची मदतनीस समजत नाही. स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९६६ चा परिचारिका अधिनियम आला आणि त्याखाली राज्याची परिचर्या परिषद नोंदणीचे काम पाहू लागली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला. वकिलाला जशी सनद, तशी परिचारिकेला नोंदणी. नाव नोंदवहीत असेल तरच तिने हे काम करावे आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर ते नाव काढून टाकता यावे, हा त्यामागचा विचार. याचा अर्थ असा, की तिच्या हातून घडलेल्या कृत्याचा जाब तिला स्वतःला द्यावा लागतो. ‘डॉक्टर म्हणाले म्हणून मी दिले’ हे उत्तर तिला वाचवू शकत नाही.

या नोंदणीला घरच्या माणसांच्या दृष्टीने काय किंमत आहे, ते दिल्लीच्या एका प्रकरणातून कळते. डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या स्प्रिंग मेडोज या खासगी रुग्णालयात एका लहान मुलाला विषमज्वराच्या उपचारांसाठी दाखल केले होते. डॉक्टरांनी लिहिलेले औषध एक आणि परिचारिका म्हणून काम करणाऱ्या बाईने वडिलांना आणायला सांगून टोचले ते दुसरेच. इंजेक्शन देताच मूल आईच्या मांडीवर कोसळले, त्याचे हृदय बंद पडले. जीव वाचला, पण मेंदूला झालेली इजा कायमची ठरली. चौकशीत निघाले, की त्या बाईपाशी परिचारिकेची पात्रता आणि नोंदणी नव्हती. आणि डॉक्टरांनी स्वतः करायला हवे होते ते काम तिच्यावर सोपवले होते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले. मुलाला साडेबारा लाख आणि मानसिक यातनांबद्दल आईवडिलांना पाच लाख रुपये भरपाई कायम केली. पांढरा झगा घातला म्हणजे कोणी परिचारिका होत नाही, हे सांगायला त्या मुलाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

ही गोष्ट केवळ दिल्लीची नाही. लहान गावांतल्या आणि शहरांतल्याही कित्येक नर्सिंग होममध्ये दहावी-बारावी झालेल्या गरजू मुलीला चार महिने हाताखाली ठेवतात, सलाइन लावायला शिकवतात आणि तिला ‘सिस्टर’ म्हणू लागतात. या मुलींचा मला राग येत नाही, कीव येते. कारण काही विपरीत घडले, तर पहिले बोट त्यांच्याकडेच वळते. ‘नाही, हे माझे काम नाही’ असे म्हणण्याएवढे ज्ञान त्यांच्याजवळ नसते आणि नोकरी टिकवायची असल्याने तेवढी हिंमतही नसते.

शिकलेली परिचारिका काय वेगळे करते? औषध देताना ती पाच गोष्टी पडताळते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ आणि योग्य मार्ग. पाठ करायला हे सोपे आहे. पण रात्री दोन वाजता, वॉर्डात दोन शांताबाई असताना, एकसारख्या नावांची औषधे ट्रेमध्ये शेजारी शेजारी असताना, दर वेळी ते पाळणे कठीण आहे. पोटॅशियम क्लोराइडची कुपी दिसायला साध्या पाण्याच्या कुपीसारखी. सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिले तर औषध. तसेच थेट शिरेत दिले तर हृदय थांबवणारे विष. म्हणून ती तुमच्या आईला सकाळपासून चौथ्यांदा ‘आजी, तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे विचारते. ‘तीन दिवस झाले, अजून नाव माहीत नाही का तुम्हाला?’ असे तिच्यावर डाफरणारे चिरंजीव मी अनेकदा पाहिले आहेत. त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते, की नाव न विचारणाऱ्या सिस्टरची तुम्ही काळजी करा.

माझ्या एका विद्यार्थिनीची हकिकत सांगते. ती एका खासगी रुग्णालयात नुकती लागली होती. रात्री एका वृद्ध रुग्णाची तब्येत बिघडली म्हणून तिने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी झोपेतच एक औषध आणि त्याची मात्रा सांगितली. मात्रा तिला वयाच्या मानाने जास्त वाटली. तिने ती फोनवर पुन्हा वाचून दाखवली, डॉक्टर चिडले. ती म्हणाली, “सर, तुम्ही येऊन केसपेपरवर लिहा, मग देते.” डॉक्टर आले, रागारागाने केसपेपर हातात घेतला, किडनीचे रिपोर्ट पाहिले आणि निम्मी मात्रा लिहून निघून गेले. तिला कोणी शाबासकी दिली नाही. उलट, ‘फार बोलते’ असा शेरा तिच्या नावापुढे पडला आणि वर्षाच्या आत तिने ती नोकरी सोडली. त्या वृद्धाच्या घरच्यांना या प्रसंगाचा पत्ताही नसेल. परिचारिकेचे उत्तम काम बहुतेक वेळा असेच असते. ते घडून न गेलेल्या अनर्थात दडलेले असते आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

दुसरा नकार संमतीचा. शस्त्रक्रियेपूर्वी ज्या कागदावर सही घेतली जाते, तो आपल्याकडे रुग्णालयात भरती होतानाच्या पावतीसारखा समजला जातो. ‘इथे, इथे आणि इथे’ असे बोट दाखवले जाते आणि नवरा, मुलगा किंवा जावई सह्या करून मोकळा होतो. ज्याचे पोट उघडायचे तो माणूस शुद्धीवर, समोर बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका महिलेच्या प्रकरणात याबद्दल स्पष्ट निर्णय दिला. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून तिला भूल दिली होती. त्याच अवस्थेत, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, तिचे गर्भाशय आणि बीजांडकोश काढण्यात आले. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी आईची सही चालणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. उपचार समजावून सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, परिचारिकेचे नाही. पण रुग्णाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पहिल्यांदा दिसतो तो तिलाच. ‘डॉक्टर, यांना अजून नीट कळलेले दिसत नाही’ हे वाक्य तिने वेळेवर बोलले पाहिजे, आणि ते बोलल्याबद्दल तिला कोणी उद्धट म्हणता कामा नये.

तिसरा नकार गुप्ततेचा, आणि तो आपल्या मराठी माणसाला सर्वांत जास्त टोचतो. आजाऱ्याला भेटायला जाणे हा आपल्याकडे सामाजिक रिवाज आहे. सोबत मोसंबी न्यायची आणि येताना सगळी माहिती घेऊन यायची. ‘त्यांना नेमके काय झाले आहे हो?’ असे सिस्टरला बाजूला घेऊन विचारणारे चुलत मेहुणे, सोसायटीचे सेक्रेटरी, ऑफिसातले सहकारी यांची रांगच लागते. एखाद्याचा एच.आय.व्ही.चा अहवाल असा बाहेर फुटला, तर त्याची नोकरी, घर, मुलांची शाळा सगळेच धोक्यात येते. म्हणूनच २०१७ च्या कायद्याने ती माहिती संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली. गर्भलिंगाचेही तसेच. गर्भलिंगनिदानाच्या चाचण्यांवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्या कायद्याखाली गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगणे हा गुन्हा आहे आणि तो फक्त डॉक्टरांपुरता मर्यादित नाही. तरीही ‘सिस्टर, पेढे की जिलेबी, एवढेच सांगा’ म्हणत पुढे होणारे सुशिक्षित आजी-आजोबा मी पाहिले आहेत. तिथे मान खाली घालून पुढे निघून जाणारी सिस्टर माणूसघाणी नसते. ती कायदा पाळत असते आणि कदाचित एक जीवही वाचवत असते.

या सर्व नकारांत एक नकार असा आहे, की त्याचा विचार केल्याशिवाय महाराष्ट्रात परिचर्येच्या नीतीवर बोलताच येणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, म्हणजे परिचारिकांची निष्ठा डॉक्टरांकडून रुग्णाकडे नेणारी संहिता आली त्याच वर्षी, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली तरुण परिचारिका अरुणा शानबाग रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर निर्घृण हल्ला केला. गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळल्याने तिच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. हल्लेखोराला सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणाला मात्र १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयाच्या एका खोलीत पडून राहावे लागले.

तिला अन्न देणे थांबवावे, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. त्यामागची कळकळ खोटी नव्हती. असे जगणे हे जगणे आहे का, हा प्रश्न त्यांनी देशाला विचारायला लावला. के.ई.एम.च्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी ‘नाही’ म्हटले. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला. अत्यंत मर्यादित परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम आधार काढून घेता येईल, हे तत्त्व मान्य झाले. परंतु अरुणाच्या बाबतीत तिची खरी जवळची माणसे म्हणजे तिची शुश्रूषा करणारे के.ई.एम.चे लोक आहेत, असे सांगून याचिका फेटाळली गेली. पुढे २०१८ साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र यांना मान्यता दिली. परिचारिकांचा तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही दोन मते असू शकतात. माझ्या विद्यार्थिनींत दर वर्षी दोन तट पडत. पण इतकी वर्षे अंथरुणावर असलेल्या त्या देहाला शय्याव्रण होऊ दिले गेले नाहीत, याबद्दल दोन मते होणार नाहीत. दर काही तासांनी कूस बदलणे, अंग पुसणे, घास भरवणे, हे पिढ्यान् पिढ्या, पाळीमागून पाळी चालले. ज्यांनी तिला कधी बोलताना पाहिले नव्हते, अशा मुलींनी ते केले.

या कथेतले वात्सल्य सर्वांना भावले. परंतु तिचा आरंभ कुठे झाला, हे आपण सोयिस्करपणे विसरलो. कपडे बदलायला सुरक्षित खोली नसणे, इथे तो आरंभ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर मुलीची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला अरुणा शानबागचे नाव पुन्हा घ्यावे लागले. मध्ये अर्धे शतक गेले होते. महाराष्ट्रात रुग्णालयांतल्या हिंसाचाराविरुद्ध २०१० सालापासून कायदा आहे. डॉक्टरांइतकाच तो परिचारिकांनाही लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. पण रात्रपाळीला वॉर्डाच्या दाराशी माणूस उभा करणे हे काम कायदा करत नाही. ते काम प्रशासनाने करायचे असते.

आता मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. परिचारिकेवर जबाबदारी पूर्ण टाकायची आणि अधिकार, मनुष्यबळ, मोबदला देताना हात आखडता घ्यायचा, ही आपली रीत आहे. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे परिषदेचे निकष सांगतात. साध्या वॉर्डात चाळीस रुग्ण आणि रात्रपाळीला दोघीजणी, ही परिस्थिती मी स्वतः भोगलेली आहे. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, २०१६ साली समिती नेमली गेली. लहानात लहान, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी त्या समितीने शिफारस केली. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला आज काय मिळते, ते वाचकांनी एकदा सहज विचारून पाहावे.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. काही दिवसांतच एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. कोणाचा किती दोष, हे न्यायालयाने ठरवायचे. पण विजेची वायरिंग कोणी बसवली, पाण्याचे फवारे का नव्हते, तपासणीचे कागद कोणाच्या टेबलावर पडून होते, या प्रश्नांची उत्तरे खाटेपाशी उभ्या असलेल्या परिचारिकेजवळ असू शकत नाहीत. खाटेपाशी ती असते, म्हणून ती हाताशी सापडते, एवढेच.

यात अलीकडे एक नवा विपर्यास झाला आहे आणि तो फारच थोड्यांच्या लक्षात आला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्यास सर्वांनाच दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ती पाच वर्षांपर्यंत नेली. मात्र वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरांच्या हातून असे घडले, तर मर्यादा दोनच वर्षांची ठेवली. डॉक्टर म्हणजे कोण, याची व्याख्याही तिथेच दिली आहे आणि त्या व्याख्येत परिचारिका बसत नाही. म्हणजे एकाच खोलीत, एकाच रुग्णावर, एकाच उपचारात चूक झाली, तर डॉक्टरांना जास्तीत जास्त दोन वर्षे आणि त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला पाच! सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तज्ज्ञांचे मत घ्यावे, असे बंधन घातले होते. तेच संरक्षण परिचारिकांनाही मिळावे, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. महाराष्ट्राच्या विधिमंडळातल्या आणि संसदेतल्या आपल्या प्रतिनिधींनी हा प्रश्न हाती घ्यायला काय हरकत आहे? डॉक्टरांना दिलेली सवलत काढा, असे माझे म्हणणे नाही. ती परिचारिकेलाही द्या, एवढेच आहे.

हे सारे लिहीत असताना दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालणार नाही. सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या कळा देणाऱ्या बाईवर ओरडणाऱ्या, गरिबाला ‘तू’ आणि श्रीमंताला ‘साहेब’ म्हणणाऱ्या, ताप-नाडीचे आकडे न मोजताच तक्त्यात भरून टाकणाऱ्या परिचारिका आहेत. कामाचा बोजा हे त्याचे कारण असू शकते, समर्थन असू शकत नाही. खोटी नोंद ही या व्यवसायातली चोरी आहे. कारण पुढच्या पाळीची सिस्टर आणि डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून निर्णय घेतात. ‘जे लिहिले नाही, ते केलेच नाही’ असे आम्ही मुलींना शिकवतो. जे केले नाही ते लिहू नका, हेही तितक्याच जोराने शिकवले पाहिजे. सन्मान मागणाऱ्या व्यवसायाने आपल्या घरातला केर स्वतः काढावा. दोषी भगिनीला पाठीशी घालणाऱ्या संघटनेच्या शब्दाला, निर्दोष भगिनीसाठी ती उभी राहते तेव्हा, वजन उरत नाही.

राहता राहिलो आपण, म्हणजे रुग्ण आणि रुग्णाची माणसे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून आपल्याला आपल्या हक्कांची जाण बरीच आली. ती योग्य रीतीने वापरावी. घरी आजाऱ्यासाठी ब्यूरोतून नर्स ठेवताना तिची नोंदणी आहे का, ते विचारावे. तसे विचारण्यात अपमान नाही. रुग्णालय निवडताना खोलीला एसी आहे का, याबरोबर रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असतात, हाही प्रश्न करावा. त्याचे उत्तर देताना व्यवस्थापक अडखळला, तर ते अडखळणेच उत्तर समजावे. घरातल्या वडीलधाऱ्यांशी, ते धडधाकट असतानाच, शेवटच्या आजारात त्यांना काय हवे आणि काय नको, याविषयी मोकळेपणाने बोलून ठेवावे. तो भार एखाद्या अनोळखी वॉर्डावर टाकू नये.

आणि कधी एखादी सिस्टर शांतपणे म्हणाली, ‘नाही, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हे मला देता येणार नाही,’ तर आवाज चढवण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे: ‘का बरे?’ ती सांगेल. बहुतेकींना आजवर ते कोणी विचारलेलेच नसते.